ड्रायव्हरच्या साहेबांच्या दाढा

कवळीबाईंना हे नाव पडलं ते दातांच्या लॅबमध्ये. एकोणतीस वर्षं त्यांनी तिथे कवळ्या बनवल्या. खिडकीजवळच्या टेबलावर बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं, दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या साच्यावर मेण चढवायचं आणि ज्या माणसाचं तोंड कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी एकेक दात रांगेत बसवायचा. त्यांची पन्नाशी उलटली तेव्हा लॅबच्या मालकानं एक यंत्र आणलं. ते यंत्र दुपारी जेवायला उठत नसे आणि त्याची मानही दुखत नसे. वर्षभरात टेबलावरच्या चौघीजणी घरी गेल्या. कवळीबाई सगळ्यांत शेवटी गेल्या, कारण वेड्यावाकड्या जबड्यांची कामं यंत्राला जमत नव्हती. मग तीही जमू लागली.

घरी नवरा होता. तो कुलपं दुरुस्त करायचा. आणि सासूबाई होत्या. सासूबाईंच्या तोंडात सुनेनंच बनवलेली कवळी होती. पाहुणे आले की त्या ती कौतुकानं दाखवत आणि जेवायला बसल्या की काढून वाटीत ठेवत.

"दिसायला छान आहे गं," त्या म्हणत, "पण हिच्यानं चावत नाही."

लॅबमध्ये असतानाच कवळीबाईंनी ती तीनदा नेऊन घासली होती. तिसऱ्या वेळेस उलगडा झाला. पुढचे दात ओळीत होते, पण मागे डाव्या बाजूची एक दाढ केसभर उंच राहिली होती आणि प्रत्येक घास तिथेच अडत होता. ती दाढ खाली आणल्यावर सासूबाई कडक टोस्टसुद्धा खाऊ लागल्या आणि तक्रारीसाठी दुसरा विषय शोधायला मोकळ्या झाल्या.

लॅब सुटल्यावर चार महिने कवळीबाई घरात बसल्या. पाचव्या महिन्यात नवरा म्हणाला, "तू कपाटाची बिजागरी तीनदा पुसलीस. बाहेर पड." दोन गल्ल्या सोडून प्राण्यांचा एक दवाखाना होता. दारावर 'मदतनीस पाहिजे' असा कागद चिकटवलेला होता. त्या आत गेल्या.

दवाखान्याची डॉक्टर वयानं त्यांची मुलगी शोभेल अशी. चष्मा सारखा नाकावर घसरलेला आणि बोलण्यात उसंत म्हणून नाही.

"प्राण्यांची भीती वाटते का, मावशी?"

"माहीत नाही. अजून संबंध आलेला नाही."

"म्हणजे खरं बोलता. उद्यापासून या."

काम सोपं होतं. आलेल्यांची नावं लिहून घ्यायची, टेबल पुसायचं, टॉवेल धुवायचे, डॉक्टर तपासत असताना प्राण्याला धरून ठेवायचं. कुत्र्यामांजरांची सवय आठवड्याभरात झाली. तिसऱ्या आठवड्यात पहिला चिंचिला आला. कवळीबाईंना तो ससा आणि उंदीर यांनी आपसांत समझोता करून बनवल्यासारखा वाटला. कान मोठे, शेपटी झुबकेदार, आणि अंगावरचे केस इतके दाट की बोट कुठे बुडालं ते कळू नये. त्यांनी त्याला मांजरासारखं पाठीवर धरलं, तर तो निसटला आणि केसांचा एक पुंजका त्यांच्या हातात राहिला.

"घाबरला की केस सोडतो तो," डॉक्टर म्हणाली. "एक हात पोटाखाली, दुसरा शेपटीच्या बुडाशी. हां, अस्सं."

मग तिनं अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ उचलला. आतले पटाशीचे दात गाजरासारखे केशरी होते.

"वा! काय सुंदर दात आहेत."

"सुंदर?" कवळीबाई म्हणाल्या. "पिवळेजर्द झालेत की."

"असेच पाहिजेत, मावशी. पांढरे पडले तर काहीतरी बिनसलं म्हणायचं."

कवळीबाईंचं सगळं आयुष्य लोकांसाठी पांढरे दात निवडण्यात गेलं होतं. सहा छटांची एक पट्टी अजून घरच्या खणात होती. त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला ही हकिकत सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "मग माझे दात बघून तो माझ्याशी सोयरीक जुळवेल."

पुढचं शिक्षण टॉवेल धुता धुता झालं. डॉक्टरला बोलायला लागतंच, आणि ऐकायला मावशी होत्या. चिंचिलाचे दात जन्मभर वाढत राहतात. दिवसभर वाळलेलं गवत चघळून ते झिजतात, म्हणून बेताचे राहतात. चघळणं कमी झालं किंवा जबडा नीट बसला नाही, की दाढांना टोकं फुटतात आणि ती जिभेत, गालात रुततात. पुढे मुळंच उलट्या दिशेनं सरकतात. खालची जबड्याच्या हाडात, वरची थेट डोळ्याखाली. आणि अडचण अशी की दाढा दिसत नाहीत. चिंचिलाचं तोंड उघडून उघडून उघडणार ते शर्टाच्या बटणाएवढं. कानात बघायची दिव्याची नळी आत घातली तरी अर्ध्या वेळा गाल आणि जीभच दिसते. त्यामुळे बाहेरून चाचपायचं. खालच्या जबड्याच्या कडेनं बोट फिरवायचं आणि कुठे उंचवटा लागतो का ते पाहायचं.

हे चाचपणं कवळीबाईंना जमलं. किंबहुना डॉक्टरपेक्षा जास्त जमलं, आणि डॉक्टरनं ते दुसऱ्याच वेळी कबूल केलं. एका शिंपिणीची चिंचिला तपासून डॉक्टर "ठीक आहे" म्हणाली होती. पिंजऱ्यात ठेवता ठेवता कवळीबाईंचं बोट जबड्याखाली थांबलं.

"इथे मसुराएवढं काहीतरी आहे. उजवीकडे नाही, डावीकडेच."

डॉक्टरनं पुन्हा चाचपलं. तिला काही लागलं नाही. पण तिनं एक्स-रे काढला आणि डावीकडच्या दुसऱ्या दाढेचं मूळ हाडातून खाली डोकावताना दिसलं. तेव्हापासून चिंचिला आला की डॉक्टर आधी मावशींच्या हातात द्यायची. पुढे नवरा एकदा विसरलेला डबा द्यायला आला आणि सगळ्यांदेखत "कवळी, डबा!" म्हणून हाक मारून गेला. जुनं नाव इथेही चिकटलं. दोन वर्षांत लोक फोनवर विचारू लागले, "कवळीबाई कोणत्या दिवशी असतात?" त्या रोजच असत, पण डॉक्टरनं गुरुवार ठरवून टाकला.

माणसाला आपल्या हाताचा अभिमान वाटू लागला की कान जरा कमी चालतात. कवळीबाईंचंही तसंच झालं. हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं, म्हणून इथे लिहिता येतं.

अशाच एका गुरुवारी ड्रायव्हर आला. शहराच्या बसवर पस्तीस वर्षं काढून नुकताच निवृत्त झालेला, दारात उभा राहिला तर दार भरून जाईल असा माणूस. हातात पिंजरा, पिंजऱ्यावर टॉवेल. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी दुसऱ्या शहरात शिकायला गेली होती आणि जाताना आपला चिंचिला बापाकडे ठेवून गेली होती. चिंचिलाला तिनं 'साहेब' म्हणायला सुरुवात केली होती आणि ड्रायव्हरनं ते मनापासून पाळलं होतं.

"साहेबांची तपासणी करायचीय," तो म्हणाला. "पोरगी म्हणते वर्षातून एकदा दाखवायचं."

"काही त्रास?"

"त्रास असा नाही. साहेब गवत खात नाहीत हल्ली. त्या दुकानातल्या खाद्याच्या गोळ्या उचलतात, हातात धरतात, आणि टाकून देतात. केळ्याची वाळलेली चकती तेवढी खातात."

कवळीबाईंनी साहेबांना पोटाखाली हात घालून उचललं. ओठ वर केला, दात केशरी होते. हनुवटी कोरडी, डोळे स्वच्छ. जबड्याच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवलं, सगळं गुळगुळीत.

"लाडावून ठेवलाय तुम्ही त्याला," त्या हसत म्हणाल्या. "गोड मिळतंय तर गवत कशाला खाईल? चकत्या बंद करा. बाकी एकदम ठणठणीत आहे."

त्या दिवशी बाहेर अकरा जण बसले होते आणि आत एका कुत्र्याचं पोट फुगलेलं होतं. डॉक्टरनं दारातूनच "मावशी, ठीक ना?" असं विचारलं आणि कागदावर सही केली. वजन कोणी केलं नाही. ड्रायव्हर क्षणभर घुटमळला.

"लाड म्हणाल तर आहेतच," तो म्हणाला. "पण टाकताना ते असं तोंड वाकडं करतात. खडा लागल्यासारखं."

"सवय लागली की नखरे येतातच," कवळीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

साडेतीन महिन्यांनी तो पुन्हा आला. या वेळी पिंजऱ्यावरचा टॉवेल त्यानं स्वतः काढला. साहेबांची हनुवटी आणि छातीवरचे केस लाळेनं ओले होऊन चिकटले होते. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. कवळीबाईंनी उचललं. वरून केसांचा गोंडा तेवढाच होता, आत मात्र हाडं लागत होती. काट्यावर चारशे ऐंशी ग्रॅम भरले. मुलगी असताना सहाशे दहा होते, असं ड्रायव्हर म्हणाला.

भूल देऊन तपासलं. खालच्या दोन दाढांना आतल्या बाजूनं टोकं फुटली होती आणि त्यातल्या एकानं जिभेला खाच पाडली होती. एक्स-रेमध्ये वरची मुळं लांबलेली होती. डॉक्टरनं टोकं घासून काढली. ती म्हणाली, मुळांचं काही करता येणार नाही. दर सहा-सात आठवड्यांनी घासत राहायचं आणि बघायचं.

"तेव्हा एक्स-रे काढला असता तर?" कवळीबाईंनी विचारलं.

"कदाचित टोकं दिसली असती, मुळांचीही सुरुवात असेल. कदाचित नाही." डॉक्टरनं चष्मा वर ढकलला. "सही माझी आहे, मावशी. त्यांना मी सांगते."

"नाही. ठणठणीत मी म्हणाले होते."

ड्रायव्हर बाहेर बाकावर बसला होता. गुडघ्यांवर हात आणि नजर समोरच्या दारावर, जशी गाडी सुरू व्हायची वाट बघत असावी. कवळीबाई शेजारी बसल्या आणि काय सापडलं ते सांगितलं.

"तुम्ही सांगितलं होतं, तोंड वाकडं करतात म्हणून," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं नाही. हाताला काही लागलं नाही म्हणून काही नाहीच, असं धरून चालले. चूक माझी आहे."



"मी सांगितलं होतं," ड्रायव्हर म्हणाला. त्यात राग नव्हता. रागापेक्षा ते ऐकायला कठीण गेलं. "आता काय करायचं ते सांगा."

आता करायचं होतं ते पुष्कळ होतं. जीभ बरी होईपर्यंत साहेबांना पातळ भरडा सुई नसलेल्या सिरिंजनं, दर तीन-चार तासांनी, गालाच्या कडेनं थोडा थोडा भरवायचा. रोज सकाळी वजन. ड्रायव्हरचे हात बसचं मोठं चाक फिरवून घडलेले. पहिल्या प्रयत्नात निम्मा भरडा साहेबांच्या कानात गेला. तेव्हा कवळीबाई कामावरून घरी जाताना रोज त्याच्याकडे थांबू लागल्या. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत एक खुर्ची, एक टीव्ही आणि भिंतीच्या निम्म्या उंचीचा पिंजरा. मुलीची खोली तशीच ठेवलेली, फक्त तिच्या टेबलावर आता स्वयंपाकघरातला वजनकाटा होता आणि शेजारी एक वही. वहीत तारीख, वेळ, ग्रॅम. ड्रायव्हरनं पस्तीस वर्षं गाडीचं वेळापत्रक पाळलं होतं. सकाळी सहा पाचची वेळ असली, तर नोंद सहा पाचचीच असे.

"घाई करू नका," कवळीबाई सांगत. "गिळू द्या. गिळलं की गळ्याशी हलतं, ते बघा."

"साहेब, चला, वळण आहे, सावकाश," ड्रायव्हर पुटपुटे आणि सिरिंजच्या दांड्याला बोट लावे.

दहाव्या दिवशी त्याला जमलं. सतराव्या दिवशी साहेबांनी गवताची एक काडी दोन्ही हातांत धरून टोकापासून शेवटपर्यंत खाल्ली. ते दोघे उभे राहून बघत होते. काडी संपायला बराच वेळ लागला.

तरी एक गोष्ट राहिली होती. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. ती दर रविवारी फोन करायची आणि बाप सांगायचा, मजेत आहेत. परीक्षा जवळ आली होती. तिसऱ्या घासणीनंतर ड्रायव्हरनं गळ घातली.

"तिला शंका आलीय, दवाखान्यात फोन करेल म्हणते. तुम्ही एवढंच सांगा, किरकोळ होतं, आता बरं आहे. परीक्षा झाली की मी सांगेन."

"मी नाही सांगणार," कवळीबाई म्हणाल्या.

"अहो, पोरीचा जीव टांगणीला लागेल."

"लागू दे. प्राणी तिचा आहे. एकदा मी नीट न तपासता चांगलं म्हणाले, आता तपासून खोटं म्हणू?"

ड्रायव्हर रागावला. त्या दिवशी पहिल्यांदाच आवाज चढला. परक्या बाईनं घरात येऊन बाप-लेकीच्या मधे पडायचं काही कारण नाही, असंही तो म्हणाला. कवळीबाईंनी पर्स उचलली आणि त्या जिना उतरल्या. पुढचा आठवडाभर त्या गेल्या नाहीत. घरी सासूबाईंनी विचारलं, "तुझा तो बसवाला आता येऊ देत नाही वाटतं?" तर त्या भाजी निवडायला बसल्या. सासूबाईंना त्यामुळे जे कळायचं ते कळलं.

नवव्या दिवशी दवाखान्यात फोन आला. मुलीचा होता.

"बाबांनी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "पहिल्या वेळेस तपासणाऱ्या तुम्हीच ना?"

"हो."

"मग तुम्हाला कळायला नको होतं?"

"कळायला हवं होतं," कवळीबाई म्हणाल्या.

पलीकडे रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. परीक्षा संपल्यावर मुलगी आली, चार दिवस राहिली. एका दुपारी ती बापाबरोबर दवाखान्यात आली. उंचीनं बापासारखीच. साहेबांना मांडीवर घेऊन ती कवळीबाईंसमोर बसली.

"मला दाखवा कसं चाचपायचं," ती म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता.

कवळीबाईंनी तिचं बोट धरून जबड्याच्या कडेवर ठेवलं. "दाबायचं नाही. नुसतं सरकवायचं. इथे एक, इथे दुसरा, हे उंचवटे. आणि डोळ्याखाली हलकेच. तिथे दुखतं त्याला, बघा, मान मागे घेतो."

मुलीनं तीनदा बोट फिरवलं. "म्हणजे बाबांना आधी जे दिसलं ते बोटाला लागतच नव्हतं?"

"तेव्हा नव्हतं. खाताना दिसत होतं. आणि खाताना रोज तुमचे बाबाच बघत होते."

मुलीनं बापाकडे पाहिलं. ड्रायव्हर भिंतीवरचा कुत्र्यांच्या जातींचा तक्ता वाचत होता.

साहेब पहिल्या घासणीनंतर अकरा महिने जगले. आठ वेळा भूल दिली, आठ वेळा टोकं घासली. दोन घासण्यांमधले चांगले आठवडे आधी पाच असत, मग चार, मग अडीच. वजन पाचशे चाळीसपर्यंत चढलं होतं, ते पुन्हा उतरू लागलं. नवव्या वेळी डॉक्टरनं एक्स-रे दिव्यासमोर धरला. वरचं मूळ डोळ्याच्या खोबणीत पोहोचलं होतं. ड्रायव्हरनं मुलीला फोन लावला आणि कवळीबाईंच्या हातात दिला. कवळीबाईंनी जसं होतं तसं सांगितलं. मुलगी म्हणाली, रात्रीच्या गाडीनं निघते, उद्या सकाळपर्यंत थांबा. सगळे थांबले.

सकाळी बाप-लेक, कवळीबाई आणि डॉक्टर. मुलीनं साहेबांना टॉवेलात धरलं, ड्रायव्हरनं एक बोट त्यांच्या पुढच्या पायाशी ठेवलं. साहेबांनी ते पकडलं. चिंचिला काहीही पकडतो, त्यात अर्थ काढू नये, असं कवळीबाई नंतर म्हणाल्या. डॉक्टरनं कायमच्या झोपेचं इंजेक्शन दिलं आणि दोन मिनिटांत संपलं. ड्रायव्हरनं वहीत वेळ लिहिली, आठ वाजून वीस मिनिटं, आणि ग्रॅमची जागा कोरी ठेवली. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "बाई, तुम्ही त्या दिवशी कामं टाकून बाकावर येऊन बसलात. कोणी बसत नाही." आणि उत्तराची वाट न बघता लेकीबरोबर निघून गेला. मुलीनं जाता जाता मान हलवली, ती निरोपाची होती की आणखी कशाची, हे कवळीबाईंना ठरवता आलं नाही. त्यांनी टेबल पुसलं आणि टॉवेल धुवायला टाकला.

दवाखान्यात दोन गोष्टी बदलल्या. वजन केल्याशिवाय कोणताही चिंचिला टेबलावर येत नाही, गर्दी असो नसो. आणि कागदावर 'मालक काय म्हणतात' असा एक रकाना वाढला. तिथे कवळीबाई मालकांचे शब्द जसेच्या तसे लिहितात. डॉक्टर सही करण्याआधी तो रकाना वाचते, कधी कधी मोठ्यानं.

मागच्या गुरुवारी दोघी बहिणी आल्या, एकीच्या हातात पिंजरा आणि दुसरीच्या हातात गवताची पिशवी.

"हिला काही झालेलं नाही," थोरली म्हणाली. "आम्ही नुसतं दाखवायला आलो."

"ती पाणी पिताना थांबते," धाकटी म्हणाली.

"सगळेच थांबतात!"

"ही मधेच थांबते. डोकं हलवते आणि परत पिते."

"ताई, वाद नको," कवळीबाई म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि धाकटीकडे वळल्या. "दोघींचं लिहिते. तुम्ही आधी सांगा. किती दिवसांपासून थांबते?"